दिंडीचा नाद : शंभर वर्षांत आपण काय ऐकलं



शताब्दीच्या स्मरणिकेचे लेख वाटून घ्यायला देवळात बैठक बसली. कुणी दिंडीच्या मूळपुरुषांचे चरित्र घेतले, कुणी मुक्कामाच्या गावांची माहिती, कुणी अन्नदात्यांची यादी. शेवटी आमच्या वाट्याला राहिला तो नाद. आधी वाटलं, यावर काय लिहायचं? टाळ वाजतात, मृदंग वाजतो, आपण चालतो. पण जुन्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसलो, विचारायला लागलो, तसतसं ध्यानात आलं की आपल्या दिंडीची सगळ्यात जुनी ठेव हीच आहे. पहिल्या वाऱ्यांचा एकही फोटो आपल्यापाशी नाही. हिशेबाची पहिली वही वाळवीने खाल्ली. त्या वेळचा तंबू, बैलगाडी, पातेली, काही उरलं नाही. चाल मात्र उरली आहे. आजच्या पोरांच्या गळ्यातली काकड्याची चाल त्यांच्या पणज्याने म्हटलेली आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला कायम विचारली जाते. एरवी बांधापर्यंत जायचं तरी गुडघे धरणारी म्हातारी वारीत रोज पंधरा-वीस किलोमीटर कशी चालते? आपण सांगतो, माउली चालवते. ते खरंच आहे. पण माउली कशाकशाच्या हाताने चालवते, तेही कधी पाहावं. पुढच्याने ओढलेला हात, दुपारची भाकरी, झाडाची सावली, आणि कानावर सतत पडणारा टाळमृदंग. या लेखात त्या शेवटच्या हाताविषयी लिहितो.

॥ आवाजाने बांधलेली वाट ॥

तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, हे सर्वांना माहीत आहे. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, साधारण १८३२ च्या सुमारास. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी त्यांनी चाकरी केलेली. फौज कशी हलवायची, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. हजारो माणसांना एकेकाच्या कानात हुकूम सांगत बसता येत नाही. त्यांना आवाजाने हलवावं लागतं.

म्हणून पहाटे तळावर तीनदा तुतारी होते. पहिलीला उठायचं, आवरायचं. दुसरीला सामान गाडीत गेलेलं पाहिजे. तिसरीला दिंडी उभी. आजही हातात घड्याळ आणि खिशात मोबाईल असूनसुद्धा आपण तुतारीवरच उठतो. आमच्यातल्या एका आबांना घरी झोपेची गोळी लागते. वारीत मात्र दहा हजार माणसांच्या गलक्यात ते ढाराढूर झोपतात आणि पहिल्या तुतारीला उठून बसतात. गलका काही कमी नसतो. पण त्यांना माहीत असतं की त्या गलक्यात आपल्यासाठी असलेला आवाज कुठला, आणि तो वेळेवर येणार.

दिवसाचे अभंगही असेच बांधून दिलेले आहेत. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी. दिवस कलता हरिपाठ. वाराप्रमाणे म्हणायचे अभंग वेगळे. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही कानावरून कळायचं की आता सकाळ किती सरली, मुक्काम किती राहिला. गौळणी लागल्या की न्याहारी जवळ आली, असं आमची आजी सांगायची. मनाला पुढचं काय ते ठाऊक असलं म्हणजे ते घाबरं होत नाही. वारीतला नवखा माणूस पहिले दोन दिवस बावरलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी रुळतो, याचं अर्धं कारण हा क्रम आहे.

॥ वीणा, टाळ, मृदंग ॥

दिंडीची रचना नव्या वाचकांसाठी सांगतो. पुढे पताका. त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा. त्यांच्यात मृदंगी. मग विणेकरी. त्यामागे डोक्यावर तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या माउल्या. दिंडीत वीणा एकच, आणि ती ज्याच्या गळ्यात तो दिंडीचा मालक, मग घरी तो सालगडी का असेना.

वीणा म्हणजे चार तारा. तिच्यावर कुणी चाल वाजवत नाही. एकच सूर ती दिवसभर धरून ठेवते. नव्या पोराला वाटतं, हे काय वाजवणं? पण दुपारी उन्हात, गळे बसलेले असताना, चाल उतरायला लागते. एकाने सूर खाली घेतला की दहा जण खाली येतात आणि सगळ्या दिंडीचं अंगच मरगळतं. अशा वेळी चालक विणेकऱ्याजवळ सरकतो, कान लावतो, आणि पुढचं चरण पुन्हा जागेवरून उचलतो. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतात, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तिचा मान असा की ती थांबली म्हणजे सगळंच थांबलं.

मृदंगाच्या उजव्या पुडीला शाई, डाव्या पुडीला ओली कणीक. कणकेमुळे डाव्या अंगाचा आवाज खोल होतो, तो कानाआधी पोटात जाणवतो. आषाढाच्या ओल्या हवेत कातडं सैल पडतं, मृदंग उतरतो. म्हणून आपले मृदंगी पावसात स्वतः भिजतात पण मृदंग झाकतात. ठेका बहुतेक वेळ भजनी, आठ मात्रांचा. दोन पावलं, चार पावलं, आठ पावलं, कुठूनही धरा, पाय त्यात बसतो.

हे ज्याने ताडलं त्याने दिंडी चालवली. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तिसाहून जास्त किलोमीटर, आणि त्यात दिवे घाट. आपल्या दिंडीचे एक जुने मृदंगी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घाटाच्या पायथ्याशी कधी लय वाढवायचे नाहीत. पोरं म्हणायची, "अण्णा, उचला जरा!" अण्णा मान हलवायचे. चढाला लय धीमी ठेवायची, म्हणजे पाऊल आखूड पडतं आणि दम पुरतो. माथ्यावर वारा लागला की मग ते लय चढवायचे, आणि घाट चढून थकलेली तीच माणसं वर जाऊन पावली खेळायची. अण्णांनी शरीरशास्त्र वाचलेलं नव्हतं. त्यांनी माणसांचे पाय वाचले होते.

॥ दुखणं कुठं जातं ॥

पायाला फोड आलेत, ते बसल्यावर ठणकतात, आणि भजनात उभं राहिलं की विसरतात, हा अनुभव प्रत्येक वारकऱ्याचा आहे. आपण त्याला भक्ती म्हणतो. ऑक्सफर्ड विद्यापीठात नाव वल्हवणाऱ्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो २००९-१० मध्ये छापून आला. एकट्याने वल्हं मारलं तेव्हा आणि सगळ्यांनी एका तालात मारलं तेव्हा, दोन्ही वेळा मेहनत सारखीच. पण एका तालात वल्हवल्यानंतर त्यांची दुखणं सोसण्याची ताकद जास्त भरली. मिळून, एका ठेक्यात अंग हलवलं की शरीर स्वतःच दुखण्यावरचं औषध जास्त सोडतं, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. आपल्या टाळकऱ्यांची रांग पुढे-मागे झुलते, एकदम वळते, एकदम वाकते. रिंगणानंतर पालखीभोवती उडीचा खेळ होतो तेव्हा शेकडो टाळ एका ठोक्यावर पडतात. दुखणं जातं कुठं, याचं उत्तर थोडंसं तिथं आहे.

श्वासाची गोष्टही अशीच. आपण बसलेल्या जागी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. इटलीच्या लुचियानो बर्नार्डी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ मध्ये तेवीस माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची चढउतार त्याच लयीत जास्त ठळक झाली. धर्म दोन, भाषा दोन, श्वास मात्र एकच. आपणही अभंगाचं चरण एका श्वासात म्हणतो, मागचे झीलकरी ते उचलतात तेवढ्यात आपण श्वास भरून घेतो. बाहेर सोडलेला श्वास लांब, आत घेतलेला आखूड. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे डॉक्टर सांगतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे २०१३ मध्ये मिळून गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते गाण्याबरोबर एकत्र वाढत आणि एकत्र उतरत होते. "आमची काळजं एक झाली" असं आपण कीर्तनात ऐकतो. ते नुसतं बोलणं नाही.

एक इशारा इथंच देतो. भजनाने रक्तदाब, साखर बरी होते असा दावा आम्ही करत नाही. गोळ्या चालू असतील त्या वारीतही वेळेवर घ्याव्यात. नाद माणसाला धीर देतो, डॉक्टरची जागा घेत नाही.

॥ घरातला नाद ॥

दिंडी वर्षातून महिनाभर. उरलेले अकरा महिने गावात कुठला नाद होता? पहाटे जात्याची घरघर आणि तिच्यावर ओवी. आपल्या आज्या-पणज्यांनी नवऱ्याचं, सासूचं, माहेरचं दुःख माणसाला सांगितलं नाही, जात्याला सांगितलं, आणि त्यातच विठ्ठलाला बोलावलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरीच्या ओव्यांचा मोठा वाटा आहे.

मग गिरणी आली. बायकांच्या खांद्यांचे हाल थांबले, हे फार चांगलं झालं. जातं परत यावं असं कुणाही बाईने म्हणू नये. पण आपल्या दिंडीतल्या एका काकूंनी आम्हाला सांगितलं, "दळण गेलं, त्याच्याबरोबर रडायची जागा गेली. ती मला वारीत सापडली." काकू तुळस घेऊन चालतात, मागच्या रांगेत बायकांबरोबर ओव्या म्हणतात. स्मरणिकेत पुरुष विणेकऱ्यांची यादी येईल. ती यायलाच हवी. पण दिंडीचा अर्धा नाद तुळशीमागच्या रांगांतून आला आहे, हे इथं लिहून ठेवणं आमचं कर्तव्य.

॥ बाहेरचा आवाज आला ॥

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून शिकलेले मृदंगी आणि कीर्तनकार गावोगाव गेले आणि अनेक दिंड्यांच्या चाली एका वळणावर आल्या. शिकलेला माणूस आला म्हणजे बोलांना शिस्त येते, तशी ती आली.

त्यानंतर यंत्रातून आवाज यायला लागला. १९३६ मध्ये प्रभातचा 'संत तुकाराम' आला. विष्णुपंत पागनीसांना लोक तुकोबाच समजू लागले. त्या चित्रपटातलं एक पद शांताराम आठवल्यांनी रचलं होतं, तेही लोकांनी तुकोबांचा अभंग म्हणून भजनात घेतलं. म्हणजे तेव्हासुद्धा बाहेरचा आवाज आत येतच होता, आणि चांगला असला तर आपण त्याला टाळ देऊन आपला करून घेत होतो. १९५३ मध्ये पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. पुढे गावात ट्रान्झिस्टर आले. पहाटेची भक्तिगीतं लागली की चूल पेटायची. पंडित भीमसेन जोशींचे अभंग ऐकून आपल्या चालकांनीही दोन-चार जागा उचलल्या. कॅसेट आल्या. यातलं काही वाईट नव्हतं. ऐकणारा ऐकून झाल्यावर स्वतः म्हणत होता, तोवर काही बिघडलं नाही.

बिघडलं ते भोंग्यापासून. हे आमच्याच घरचं आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

दिंडी वाढली. पूर्वी चाळीस-पन्नास माणसं होती, ती दोन-अडीचशेवर गेली. मागच्यांना चाल ऐकू येईना. पुढे चरण संपायचं तेव्हा मागे अजून ध्रुपद चालू. तरुण मंडळी म्हणाली, गाडीवर भोंगा लावू. त्यांची अडचण खरी होती. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. दिंडी शंभर मीटर लांबली तर पुढची थाप मागच्या कानावर सेकंदाचा तिसरा हिस्सा उशिरा पोचते. मागचा टाळकरी त्या थापेवर टाळ मारतो आणि पुढच्याला तो चुकलेला वाटतो. दोष कुणाचाच नसतो.

भोंगा लागला. पहिल्या वर्षी सगळे खूश. दुसऱ्या वर्षी मागचे लोक म्हणायचे थांबले, कारण त्यांनी म्हटलं काय न म्हटलं काय, आवाज भरून होताच. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दिंडीनेही भोंगा लावला, मग आपला जरा मोठा केला. मग त्यांचा. म्हाताऱ्या बायका गाडीपासून लांब, पार शेवटी चालायला लागल्या. मुक्कामाला पोचल्यावर माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. आधी वाटलं, ऊन जास्त आहे. एका संध्याकाळी विणेकरी बाबा तंबूत बसून म्हणाले, "आज दिवसभर मला माझी वीणा ऐकू आली नाही. बोट फिरत होतं, तार हलत होती, पण काय लागलंय ते कळत नव्हतं. उद्यापासून वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाला."

त्याच वर्षी गावातली गोष्ट. आपल्या सप्ताहाचा काकडा भोंग्यावर चालायचा, पहाटे चारपासून. देवळामागच्या घरातली एक माउली आली. तिचा नवरा दवाखान्यातून घरी आणलेला, रात्रभर कण्हायचा आणि पहाटे त्याचा डोळा लागायचा. ती भांडली नाही. पाया पडून म्हणाली, "देवाचं आहे, बंद करा कसं म्हणू? पण जरा तोंड तिकडं करा." आम्ही भोंग्याचं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूलाही घरं होतीच. ही गोष्ट आजही मनाला लागते. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून कायद्यातच आहे. तो आम्हाला माहीत होता. देवाच्या कामाला तो लागू नाही, असं आम्ही आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

वारीहून आल्यावर बैठक झाली, दोन रात्री चालली, आवाज चढले. शेवटी तरुणांतल्याच एकाने तोड काढली. दिंडी लांब होते हा त्रास आहे ना, मग ती आखूड करू. चारच्या रांगा सहाच्या केल्या. मृदंग एकाचे दोन झाले, दुसरा मध्यावर. मध्ये चार पक्के झीलकरी नेमले, ते पुढचं चरण झेलून मागे देतात. भोंगा फक्त मुक्कामाच्या कीर्तनाला आणि सूचनांना, तोही रात्री दहाच्या आत. गावातला काकडा तोंडी. पुढच्या वारीत म्हाताऱ्या बायका पुन्हा पुढे आल्या. बाबांनी वीणा पुन्हा घेतली.

॥ थांबलेला आवाज ॥

नादाचा इतिहास लिहायचा तर शांततेचाही लिहिला पाहिजे. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. प्रत्येक दिंडीचे टाळमृदंग टिपेला गेलेले. चोपदार आपला दंड उंच करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो माणसं, आणि पाखराचा आवाज यावा अशी शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मग तेही टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती, उद्याच्या निघण्याची वेळ, आणि आरती. गाऱ्हाणं मांडायला आपल्याकडे अर्ज नाही. सगळे गप्प असताना वाजणारा टाळ हाच अर्ज.

जुन्या माणसांना विचारलं, वारीत सगळ्यात बरं कधी वाटतं? रिंगण म्हणतील असं वाटलं होतं. तिघांनी सांगितलं, "चोपदाराचा दंड वर गेल्यावर." वर ज्यांचं नाव आलं त्या बर्नार्डींनीच २००६ मध्ये संगीतावर दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. जलद लयीने श्वास आणि ठोके वाढतात, हे अपेक्षित होतं. पण मध्ये दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं तेव्हा ऐकणारे सगळ्यात जास्त निवांत झाले, संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही जास्त. नादानंतरची शांतता ही नुसत्या शांततेहून वेगळी असते. भोंग्याला हे जमत नाही, कारण तो कधी थांबतच नाही.

एक शांतता मात्र आपल्याला नको असताना मिळाली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपूरला गेल्या, मोजक्या माणसांबरोबर. आपण घरी. जेष्ठ वद्य अष्टमी उजाडली आणि पाय शिवशिवायला लागले. टीव्हीवर जुनी वारी दाखवत होते, मोबाईलवर भजनं येत होती, आवाजाला तोटा नव्हता. तरी कितीतरी जणांची झोप उडाली, जेवण तुटलं. मग विणेकरी बाबांनी वीणा गळ्यात घातली आणि रोज संध्याकाळी आपल्याच ओसरीवर उभे राहिले. समोरच्याने आपल्या दारातून टाळ धरला. त्याच्या पलीकडच्याने आपल्या. आठ दिवसांत अख्खी आळी आपापल्या उंबऱ्यात उभी राहून हरिपाठ म्हणायला लागली. आवाज मागेपुढे व्हायचा, टाळ फाटायचा, पण झोप लागायला लागली. त्या दोन वर्षांत आपली काही माणसं गेली. कुणाच्या अंत्ययात्रेला भजन नेता आलं नाही, याचं दुःख अजून आहे. त्यांच्यासाठीही त्या उंबऱ्यांतूनच म्हटलं.

तेव्हा आम्हाला उमगलं की आपल्याला बरं वाटतं ते कानात आवाज पडल्यामुळे नाही, आवाजात आपला आवाज मिसळल्यामुळे. बेसूर का असेना.

॥ पुढच्या शंभर वर्षांसाठी ॥

शताब्दीच्या निमित्ताने मंडळींपुढे चार मागण्या ठेवतो.

पहिली, मृदंग शिकवायचा वर्ग वर्षभर चालावा, आणि त्यात मुलीही बसाव्यात. काही मुलींनी नाव घातलंच आहे.

दुसरी, मृदंगी आणि टाळकऱ्यांनी कानाची काळजी घ्यावी. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहिलं तर कानाला धोका असतो, आणि आवाज तीन-तीन डेसिबलने वाढत गेला की सोसायचा वेळ निम्म्या-निम्म्याने घटतो. बंदिस्त मांडवात, भोंग्याखाली तासन् तास बसू नये. कानात शिट्टी वाजायला लागली तर तपासून घ्यावं. अण्णांना शेवटची काही वर्षं स्वतःचा मृदंग ऐकू येत नव्हता, ते हाताने ओळखायचे.

तिसरी, जुन्या चाली नोंदवून ठेवाव्यात. मोबाईल त्याला कामाचा आहे. पण नोंदवून कपाटात ठेवायच्या नाहीत, पोरांकडून म्हणवून घ्यायच्या.

चौथी, जो नवखा वारकरी गप्प चालतो त्याच्या हातात टाळ द्यावा. येत नाही म्हणेल. आपल्यालाही येत नव्हता.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या नातवाने मृदंगाची कणीक तशीच ठेवली होती, वाळून कडक झालेली. दुसऱ्या आषाढात त्याने ती काढली, नवी भिजवली, लावली आणि दिंडीत उभा राहिला. घाटाच्या पायथ्याशी पोरं ओरडली, "उचला जरा!" त्याने मान हलवली.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. रामकृष्णहरी.